गोजराबाईची जीभ

मळेवस्ती, गिरणारे रस्ता
२० जुलै २००६

ताई,

फाडायच्या आधी वाच. हे पत्र पोस्टानं आलेलं नाही, आमच्या भाजीच्या टेम्पोचा निसार घेऊन आलाय, आणि उत्तर घेतल्याशिवाय हलू नकोस असं मी त्याला बजावलंय. हलेल म्हणा तो. बिचाऱ्याला पुढं मार्केट गाठायचं असतं. तुझ्यासारख्या हट्टी बाईसमोर त्याचा काय टिकाव लागणार!

फोनवर माझा आवाज ऐकला की तू ठेवतेस. दाजींनी उचलला तर मी ठेवते. चार वर्षं आपलं असं चाललंय. म्हणून म्हटलं, आता कागदच काळा करावा.

ऐकलं की तुम्ही दोघांनी जॉगिंग ट्रॅकच्या फाटकाशी ज्यूसचा स्टॉल टाकलाय. निसार सांगत होता, "मॅडम, सकाळी सकाळी लाईन लागते. सगळे साहेब लोग, पायात पांढरे बूट." दुधीचा रस, कारल्याचा रस, आवळा, गव्हांकुर. मला इतकं हसू आलं गं! ताटात दुधीची भाजी पडली की आईची नजर चुकवून मांजरीकडे सरकवणारी तू, आणि आता तूच नाशिककरांना दुधी पाजतेस! पण खरं सांगू? बरं वाटलं. दाजी रिकामे बसले की घरात काय होतं ते मला ठाऊक आहे.

आणि हो, ते बसले त्याला मी कारण, हे तू सगळ्या पाहुण्यांत सांगून झालीस. सांग. त्यांच्या रोपवाटिकेतल्या फुलकोबीच्या रोपांना गड्ड्याऐवजी बटणाएवढी फुलं धरली, शेतकरी ओरडत आले, आणि भाजीपाला संघाची शेती सल्लागार म्हणून पंचनामा माझ्या वाट्याला आला. डोळ्यांना दिसलं ते लिहिलं. उद्या पुन्हा वेळ आली तर तेच लिहीन. दाजी म्हणून मी त्यांच्या ताटात वाढेन, पण दुसऱ्याच्या रानात उभं राहून खोटं नाही लिहिणार. झालं. हा विषय इथं संपला.

आता मुद्द्याचं. तुमच्याकडे निसार जे गावठी दुधी टाकतो ना, ते आमच्या वस्तीवरचे आहेत. मीच त्याला म्हटलं होतं, कुठून आले ते सांगू नको, पण चांगले निवडून दे. दाजींना कळलं तर ते दुधी नाल्यात टाकतील, म्हणून सांगितलं नाही. तू पण सांगू नकोस.

माल एक नंबर आहे, काळजी नको. गोजराबाई नावाची एक म्हातारी आहे इथं, सगळ्या वस्तीच्या वेली तीच चाखते. गावठी बियाण्यात एखादी वेल कडू निघते, आणि वेल कडू असली की तिचं प्रत्येक फळ कडू. बाहेरून बघून ब्रह्मदेवालाही कळणार नाही. म्हणून हिची रीत अशी, वेलीचं पहिलं फळ वणीच्या देवीला आणि दुसरं हिच्या जिभेला. काप जिभेच्या टोकावर ठेवते, डोळे मिटते. गोड असली तर पुढच्या वेलीकडे. कडू असली तर शिवी हासडून मुळासकट उपटते. आम्ही कॉलेजात शिकलो त्यात हे कुठं नव्हतं, पण मी इथं आल्यापासून तिचा शब्द चुकलेला पाहिला नाही.

काल तिच्या शेळीनं बांधावर पडलेला दुधी हुंगला आणि तशीच पुढं गेली. पोट भरलं असेल तिचं. शेळीचं पोट कधी भरलेलं बघितलंयस का गं तू?

उत्तर दे. शिव्या दिल्यास तरी चालेल.

तुझी,
सुवर्णा

*

मळेवस्ती
३१ जुलै

ताई,

हे पत्र आधी नीट वाच, राग नंतर कर.

काल गोजराबाईनं मला चहाला बसवलं. पहिला घोट घेतला आणि तोंडातला चहा बाहेर आला. साखरेच्या जागी मीठ! समोर ती तोच चहा बशीत ओतून फुर्र फुर्र पीत होती. वर मला विचारते, "झ्याक झालाय ना गं बाई?"

मी म्हटलं, "मावशी, यात काय घातलंय?"

तिनं बशीत बघितलं, माझ्या तोंडाकडं बघितलं आणि तिचा चेहराच उतरला. उन्हाळ्यात साथीचा ताप आला होता वस्तीवर, त्यात ही पंधरवडाभर अंथरुणाला खिळली होती. म्हणाली, "तवापासून जीभ मेली माझी. गोड नाय, तिखट नाय. समदं माती खाल्ल्यावानी लागतं."

"मग यंदाच्या वेली कशा चाखल्या?"

पदर तोंडाला लावून म्हणाली, "काप ठिवायची अन् थुकायची. गोड हाय म्हनायची. काय करू सांग? ह्या एका जिभंपायी लोकं मला मावशी मावशी करीत येत्यात. सून तर मला चुलीपाशी बी फिरकू देत नाय. जीभ गेली म्हनलं असतं तर मला इचारतंय कोन?"

मला तिचा राग यायला हवा होता. आला नाही.

लगेच रानात गेले आणि स्वतः एकेक वेल चाखत सुटले. मधल्या रांगा गोड. कुंपणाकडे गेले आणि कापानं जिभेला नुसता स्पर्श केला तर डोळ्यांतून पाणी आलं. ताई, कारल्याचा कडूपणा वेगळा गं. हा कडूपणा घशाला धरतो. चुळा भरल्या, गूळ खाल्ला, तरी संध्याकाळपर्यंत पोटात कळा येत होत्या, आणि मी काप गिळलासुद्धा नव्हता.

हे आलं कुठून तेही कळलं. तीन वर्षांपूर्वी सिंहस्थ होता तेव्हा गोजराबाईच्या मुलानं, पुंजारामनं, कुंपणावर कडू भोपळे लावले होते. साधूंना कमंडलूला लागतात ना ते. बरे खपले. नंतर त्या वेली आपोआप उगवत राहिल्या आणि मधमाशांनी इकडचा पराग तिकडे केला. त्या वर्षी फळाला काही होत नाही, फळ गोडच राहतं, पण त्याच्या बीमध्ये कडू उतरतं. तेच बी यंदा पेरलंय. दरवर्षी अशी वेल निघाली की म्हातारी उपटायची. यंदा एकही उपटली नाही.

आता ऐक. असा दुधी भाजीत गेला तर कोणी दुसरा घास खात नाही. पण तुम्ही त्याचा कच्चा रस काढता, आणि निसार म्हणतो सगळ्यात जास्त खप कारलं-दुधी मिक्सचा आहे. कारल्यात हा कडूपणा कोणाला कळणार? माणूस अख्खा ग्लास पिऊन जाईल. नंतर रक्ताच्या उलट्या होतात, प्रेशर पडतं, माणूस जातोसुद्धा. मी घाबरवत नाहीये. हे आम्हाला शिकवलेलं आहे.

फार काही करायचं नाही. रस काढण्याआधी प्रत्येक दुधीचा एक काप जिभेवर ठेव. कडू लागला की थुंक आणि तो दुधी फेकून दे. गाईलासुद्धा घालू नको.

गोजराबाईचं कोणाला बोलू नकोस. तिला शब्द दिलाय मी. फक्त तुला सांगितलंय.

सुवर्णा

*

मळेवस्ती
५ ऑगस्ट

ताई,

शाब्बास! तुझ्या नवऱ्याला आणि तुलाही शाब्बास!

निसारनं सगळं सांगितलं. दाजींनी माझं पत्र तुझ्या हातातून घेतलं आणि लाईनीत उभ्या लोकांना मोठ्यानं वाचून दाखवलं. "ऐका ऐका, आमच्या मेहुणीबाईंचा नवा पंचनामा!" लोक हसले. तू ग्लास विसळत होतीस. निसार म्हणतो, "मॅडम, दीदी नळाखाली हात तसाच धरून उभी राहिली."

आणि दाजींचं म्हणणं काय, तर "श्रावण चालू आहे, गिऱ्हाईक आंघोळ करून, सोमवार धरून येतं, त्यांना मी उष्ट्या दुधीचा रस पाजू? धर्म बुडवायला निघाली ही!" अहो दाजी (तुम्ही वाचालच, म्हणून तुम्हालाच लिहिते), देवीचं फळ तेवढं कोणी चाखत नाही, ते आम्हीही चाखत नाही. पण गिऱ्हाईक म्हणजे देवी नव्हे. आणि काप कापून वेगळा चाखला तर उरलेला दुधी उष्टा कसा होतो? घरात आमटीचं मीठ बघताना ताई हातावर थेंब घेऊन चाटते, तेव्हा तुमचा धर्म कुठं जातो? स्टॉलवर नको तर घरून चाखून न्या. कोण बघायला येतंय?

त्या वाचनानं इकडं काय झालं तेही ऐक. निसारचा क्लीनर तिथंच उभा होता. संध्याकाळच्या आत वस्तीभर झालं की गोजराबाईची जीभ मेलीय. आता तिच्या ओट्यावर कोणी बसत नाही. ती माझ्याशी बोलत नाही, आणि तिचं बरोबर आहे. मी शब्द दिला होता.

मी टेम्पोतून दुधी पाठवणं बंद केलं. कडू वेलींना खुणेसाठी लाल चिंध्या बांधल्या. दुसऱ्या दिवशी जाऊन बघते तर एकही चिंधी नाही. पुंजाराम बांधावर उभा राहून तंबाखू मळत होता. म्हणाला, "म्याडम, तुमी सल्ला द्या, आमी ऐकू. पन येलाला हात लावाया तुमी मालकीन नाय. माझ्या आईची बदनामी केली ती केली, आता मालाची बी करता?" मी सगळं समजावून सांगितलं, कुंपणावरच्या भोपळ्यांचंही. तर म्हणतो, "माझ्या बापजाद्यांनी भोपळे लावले, कोन मेलं नाय." कोणी मेलं नाही कारण त्याची आई चाखत होती! हे त्याला कळत नाही आणि दाजींना कळून घ्यायचं नाही.

आता तो मोटारसायकलवर गोणी बांधून परस्पर तुमच्या घरी माल टाकतो असं कळलं. दाजींनीच निरोप धाडला म्हणे. मला खाली बघायला लावायचं म्हणून दोघं एक झाले. छान. पण त्या गोणीत काय आहे ते दोघांनाही ठाऊक नाही, ताई, आणि मला झोप लागत नाही.

तू एकदा तरी लिही.

सुवर्णा

*

मळेवस्ती
१४ ऑगस्ट

ताई,

तुझी चिठ्ठी मिळाली. चार वर्षांनी तुझं अक्षर बघितलं, आणि त्यात काय, तर "रोज पहिला ग्लास मीच पिते, सगळ्यांसमोर. मला काही झालेलं नाही. आता तरी तुझं तोंड बंद ठेव."

मला वाटलं जमिनीनं पोटात घ्यावं. अगं बये, मी कशासाठी लिहिलं आणि तू काय केलंस! दाजींनी तुला पुढं केलंय ना? "माझी बायको पिते, मग तुम्हाला कसली भीती?" असंच ना? मी लिहिलंच नसतं तर निदान तू तरी तो रस तोंडाला लावला नसता. तुला तर दुधी बघवत नाही.

म्हणून काल रविवारी मी स्वतः आले. तू मला बघितलंस, बघितलं नाही असं करू नकोस. फाटकाशी ही गर्दी! दाजी हात जोडून म्हणाले, "या या मेहुणीबाई! आज कुणाकुणाचा पंचनामा?" मी म्हटलं, दाजी, माझी तुमच्याशी दुश्मनी नाही, मला फक्त टोपलीतले दुधी चाखू द्या. टोपी घातलेले ते गृहस्थ, अंबडला कारखान्यात होते म्हणाले, मलाच समजवायला लागले, "मॅडम, कडू तेच औषध. मी मिक्स घेतो रोज. जितकं कडू तितकी शुगर खाली." मी म्हटलं, काका, कारलं कडू असतं, दुधी कडू नसतो, दुधी कडू लागला तर ते औषध नाही, विष आहे. तर ते हसले. "असं असतं तर आम्ही सगळे एव्हाना वर गेलो असतो!"

दाजींनी टोपली माझ्यापुढं सरकवली. एकेका दुधीचा काप काढून मी तोंडात टाकत गेले. गोड. हाही गोड. पुढचाही गोड. लोक बूट आपटत हसत होते, कोणीतरी म्हणालं, "ताई, आता मीठ-तिखट पण लावून द्या." टोपली संपली. एकही कडू निघाला नाही.

मग तू पुढं आलीस, ग्लास उचललास, माझ्याकडे न बघता गटागटा प्यायलीस आणि रिकामा ग्लास उपडा धरून सगळ्यांना दाखवलास. टाळ्या वाजल्या. दाजींची मान अशी ताठ मी लग्नातसुद्धा बघितली नव्हती.

मी परत फिरले. रस्ताभर स्वतःला विचारत होते, मी वेडी झालेय का? वस्तीवर आले आणि तडक कुंपणाकडे गेले. चाखला. तोच कडूपणा. वेली तिथंच आहेत, कोवळी फळं सोडून बाकी तोडलेली आहेत. मग ती फळं जातात कुठं? टोपलीत कशी नाहीत? मला काही कळेनासं झालंय.

तुझ्यापुढं पदर पसरते. पिऊ नकोस.

सुवर्णा

*

मळेवस्ती
१८ ऑगस्ट, संध्याकाळ

ताई,

घाईत लिहितेय. निसार पहाटे निघतो, त्याच्याकडे आत्ताच देऊन ठेवते.

आज दुपारी गोजराबाई खुरपं घेऊन रानात शिरली आणि सगळ्या वेली उपटून टाकल्या. गोड, कडू, काही बघितलं नाही. पुंजाराम ओरडत धावत आला. तिनं खुरपं उगारलं, "माझी जीभ मेली, डोळं नाय मेलं. परवा त्या शेळीच्या पिल्लानं खाल्ला अन् फेस आला त्याच्या तोंडाला. अजून कुनाच्या लेकराची वाट बघू?" मग बांधावर बसून ढसाढसा रडली. मी जवळ गेले तर तिनं माझा हात धरला.

मला वाटलं, सुटलो.

पण पुंजाराम उपटलेल्या वेलींवरची फळं तोडत बसला. लहान-मोठी, सगळी. म्हणतो, माल वाया का घालवू? आजवर निदान फळं मागंपुढं धरायची, तोडा थोडाथोडा व्हायचा. आता सगळी कुंपणाकडची फळं एकदम गोणीत गेलीत. उद्या पहाटे तो थेट स्टॉलवर येणार आहे.

दाजींना फोन केला. "परत फोन आला तर पोलिसात जाईन" म्हणाले आणि ठेवला. घरच्या फोनवर तू उचललास, माझा श्वास ऐकलास आणि ठेवलास. इतकी घाई कसली गं तुला!

उद्या स्टॉल लावू नका. पोट दुखतंय म्हण, पाय मुरगळला म्हण, काहीही सांग. आणि लावलाच तर तू तोंडाला लावू नकोस. उद्याचा माल तू पिऊ नकोस, ताई.

टेम्पोत जागा नाही, मी पहिल्या एसटीनं येतेय.

सु.

*

नाशिक, दवाखाना
१९ ऑगस्ट, दुपारनंतर

ताई,

तुला आत बोलता येत नाही आणि मला बाहेर गप्प बसवत नाही. निसारच्या टेम्पोतल्या बिलबुकाच्या मागं लिहितेय. तुला बरं वाटलं की वाच. भांडण कर. पण वाच.

मी पोचले तेव्हा फाटकाशी कोणी नव्हतं. स्टॉल तसाच उघडा, जमिनीवर सगळा हिरवा रस सांडलेला आणि त्यावर माशा. चहावाल्यानं सांगितलं, बाईला रिक्षात घालून नेलं. मी आयुष्यात इतकी धावले नाही.

दाजी इथं बाकावर बसले होते. मला वाटलं अंगावर येतील. उठले आणि लहान पोरासारखे माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागले. मी त्यांना ढकलणार होते. पण हात उठला नाही.

मग त्यांनी सांगितलं ते सगळं मी पहिल्यांदाच ऐकलं.

माझं ते पत्र त्यांनी लोकांना वाचून दाखवलं ना, त्या दिवसापासून तू पहाटे त्यांच्या आधी उठायचीस. मोरीत बसून दुधी धुते म्हणायचीस. एक दिवस ते पाणी प्यायला उठले तर तू एकेका दुधीचा काप जिभेवर ठेवून थुंकत होतीस. काही दुधी बाजूला काढून कचऱ्याच्या पिशवीत तळाला दाबत होतीस. त्यांनी विचारलं, तू म्हणालीस, नासके निघाले. त्यांना कळलं, तुला कळलं की त्यांना कळलंय, आणि दोघं गप्प राहिलात. म्हणून त्या रविवारी मला टोपलीत एकही कडू सापडला नाही! मला लोकांत हसं करून घ्यायला लावलंस, आणि रोज पहाटे माझंच ऐकत होतीस. एक शब्द नाही बोललीस, ताई. एक शब्द.

आज मात्र पुंजाराम थेट स्टॉलवर आला. गोणी रिकामी केली, दाजींनी धुऊन मिक्सरला लावले. तुला मोरी मिळाली नाही. तेवढ्यात निसार पोचला, त्यानं माझी चिठ्ठी तुझ्या हातात दिली. तू ती उभ्याउभ्या वाचलीस. दाजी म्हणतात, तू त्यांच्याजवळ जाऊन हळूच म्हणालीस, "आज नको. आज बंद ठेवू." त्यांनी चिठ्ठी बघितली आणि माझं अक्षर बघून त्यांचं डोकं फिरलं. लोकांकडे वळून मोठ्यानं म्हणाले, "चला, आमची मालकीण उद्घाटन करतेय!" आणि ग्लास तुझ्या हातात दिला.

पहिल्या घोटाला तू थांबलीस. निसारनं बघितलं ते. तो म्हणतो, "मॅडम, मैं चिल्लाया, दीदी मत पियो. दीदीनं माझ्याकडे असं बघितलं की माझा आवाजच बंद झाला." मग तू ग्लास संपवलास. उपडा धरून दाखवलास. आणि वळताना पदर अडकला असं करून रसाचं अख्खं पातेलं लाथेनं कलंडवलंस. "अगं बाई, सांडलं सगळं! आज राहू द्या, उद्या या," असं हसून म्हणालीस म्हणे. टोपीवाले काका चरफडत निघून गेले. ते वाचले आणि त्यांना ते कळलंसुद्धा नाही.

थोड्या वेळानं तुला पहिली उलटी झाली. मग रक्ताची.

डॉक्टरांना मी सगळं सांगितलं. एक तरुण डॉक्टर होता, तो म्हणाला, "दुधीनं? दुधीनं कसं होईल?" स्टॉलवरचा एक दुधी मी पिशवीत टाकून आणला होता, तो काढून त्याच्या टेबलावर ठेवला. यावर उतारा नाही म्हणतात. सलाईन लावायचं, रक्त द्यायचं, वाट बघायची. निसारनं रक्त दिलंय. पुंजारामही आलाय, खाली जिन्यात डोकं धरून बसलाय. त्याचं रक्त जुळलं नाही. गोजराबाईला अजून कोणी सांगितलेलं नाही, ते मलाच सांगावं लागणार.

मघाशी त्यांनी मला आत सोडलं. तुला आठवणार नाही, म्हणून लिहून ठेवते. नाकात नळी, हात गार, ओठ पांढरे. मी हाक मारली तर तू डोळे उघडलेस आणि मला ओळखलंस. मी विचारलं, "पहिल्या घोटातच कळलं होतं ना तुला?"

तू हो म्हणून मान हलवलीस.

"मग थुंकली का नाहीस गं ताई? माझी बाई, थुंकली का नाहीस?"

मला ऐकू येईना म्हणून मी कान तुझ्या तोंडाजवळ नेला.

"लोक बघत होते," म्हणालीस.

त्यानंतर बोलली नाहीस. मला बाहेर काढलं. आत माणसं धावतायत, कोणी काही सांगत नाही. प्रेशर वर येत नाही एवढं कानावर आलं. दाजी बाकावर तसेच बसलेत, अंगावर हिरवे डाग घेऊन.

आत्ता सिस्टरनं दार उघडून दाजींचं नाव पुकारलं. तिच्याकडे मला बघवलं नाही. दाजी उठत नाहीयेत. माझा हात धरून म्हणतात, "सुवर्णा, तू जा. माझ्यात ताकद नाही."

मी जातेय.